उन्हाळ्यातील नवजात बालक : आशा प्रशिक्षणातील एक नवा धडा

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील शिक्रापूरचा परिसर गेल्या काही दशकांत झपाट्याने बदलला. सणसवाडी व रांजणगाव येथील कारखान्यांमुळे कामगारांची वस्ती वाढली. त्यांतील कित्येक कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. ऊसतोडणीच्या हंगामात शिरूर व दौंड तालुक्यांत मजुरांच्या कोपी पडतात, त्या वेगळ्याच. अशा पत्र्याखाली वैशाखातील दुपारी आठ-दहा दिवसांचे मूल झोपलेले असते, तेव्हा हवामान बदल हा केवळ परिषदांचा विषय राहत नाही.

या भागात आरोग्यसेवेची परंपरा जुनी आहे. जवळच्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली 1972 पासून ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला आणि गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्याचे काम सोपविले. याच प्रकल्पाने पुढे ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा कामकरी वयाच्या माणसांत अतिउष्णता व मृत्यू यांचा संबंध दिसून आला. बालकांच्या बाबतीत निराळी काळजी घ्यावी लागते. वजनाच्या मानाने बालकाच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते, घाम पुरेसा येत नाही, आणि अंगावरचे दुपटे त्याला स्वतः दूर सारता येत नाही.

ऊब केव्हा, गारवा केव्हा?

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याची पद्धत रुजविली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. या कामातूनच पुढे आशा स्वयंसेविकेच्या गृहभेटी आल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बालकासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत अशा सहा भेटी असतात. त्यांत बाळाला गुंडाळून उबदार ठेवण्यावर भर आहे. तो योग्यच आहे, कारण थंडीने दगावणारी बालके आपण पुष्कळ पाहिली आहेत. परंतु तोच धडा मे महिन्यात जसाच्या तसा लावला, तर टोपडे, झबले आणि दोन दुपटी यांनी बाळ तापते.

म्हणून निर्णय पंचांगावरून वा हात लावून न करता तापमापकाने करावा. तो आशाच्या पिशवीत असतोच. नवजात बालकाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावे. त्याहून अधिक आढळल्यास जादा कपडे काढावेत, बाळाला गार व हवेशीर जागी न्यावे, अंगावर पाजावे आणि काही वेळाने पुन्हा मोजावे. ताप उतरला नाही, किंवा बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. मग वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कमी वजनाच्या बाळाला मात्र उन्हाळ्यातही, विशेषतः रात्री, ऊब लागू शकते. हा भेद प्रात्यक्षिकाशिवाय शिकविता येणार नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. ऊन वाढले की घरातील वडीलधारी मंडळी तान्ह्याला पाणी वा घुटी पाजू पाहतात. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरेसे असते. पाणी आईने अधिक प्यावे. आजीबाईंचा मान राखून हे पटविणे, ही प्रशिक्षणातील सर्वांत अवघड बाब होय.

राष्ट्रीय हवामान बदल व मानवी आरोग्य कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. पण त्यापूर्वीच अहमदाबादच्या एका सार्वजनिक रुग्णालयाने अगदी साधा उपाय केला होता. छताखालच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील प्रसूतिकक्ष खालच्या मजल्यावर आणला, आणि उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात दाखल होणारी नवजात बालके कमी झाली. आपल्या ग्रामपंचायतींना मजले बदलता येणार नाहीत. अंगणवाडीच्या पत्र्यावर चुना मारणे, बाळंतिणीच्या घरी टँकरचे पाणी आधी पोहोचविणे आणि आशाच्या तापमापकाची बॅटरी चालू आहे की नाही हे फेब्रुवारीतच पाहणे, एवढे निश्चित करता येईल.