बटई (धाराशिव जिल्हा)

बटई म्हणजे जमीनमालकाने आपली शेतजमीन दुसऱ्यास कसण्यासाठी देऊन पिकाचा ठरलेला हिस्सा घेण्याची पद्धत. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात ती बहुतांशी तोंडी करारावर चालते. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ असून घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे २१९, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा (३६५) बरीच कमी आहे. जमिनीचा मालक पुण्यास किंवा सोलापुरास नोकरीत आणि जमीन भावकीतील वा शेजारच्या शेतकऱ्याकडे, अशी स्थिती अनेक गावांत आढळते.

स्वरूप

बटईचे वर्ष सामान्यतः गुढीपाडव्यापासून धरतात. निम्म्या बटईत बी-बियाणे व खतांचा खर्च दोघे अर्धा-अर्धा सोसतात, बैल व अंगमेहनत बटईदाराची असते. रास झाल्यावर धान्याबरोबर कडब्याचीही वाटणी होते. जमीन हलकी, मुरमाड असेल तर मालकाचा वाटा कमी ठरतो. विहिरीचे पाणी असल्यास वाढतो.

ठरावीक रकमेवर जमीन देण्यास ठोका म्हणतात. ठोक्यात पाऊस न पडल्यास सारा तोटा कसणाऱ्याचा असतो, बटईत तो विभागला जातो. अवर्षणप्रवण भागात बटई टिकून राहण्याचे हे महत्त्वाचे कारण होय.

कायदेशीर पार्श्वभूमी

हा प्रदेश १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील जहागिऱ्या १९४९मध्ये रद्द झाल्या आणि १९५०मध्ये हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू झाला. त्यामुळे मराठवाड्यात कुळांसंबंधी पश्चिम महाराष्ट्राहून वेगळा कायदा चालतो. किमान सहा वर्षे सलग जमीन कसणाऱ्यांना, ठरलेल्या कालखंडांच्या अटींवर, ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा मिळाला. कलम ३८ने त्यांना जमीन विकत घेण्याचा हक्क दिला, तर कलम ४४ने मालकाला स्वतः कसण्यासाठी काही मर्यादेत जमीन परत घेण्याची वाट ठेवली.

आजच्या व्यवहारावर सर्वाधिक छाया आहे ती कलम ५ची. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती मालकाच्या कुटुंबातील किंवा वेतनावरील नोकर नसेल, तर ती कूळ मानली जाते. वेतन पिकाच्या हिश्श्याच्या रूपाने दिले जात असेल, तर नोकराचा अपवाद लागू होत नाही. म्हणूनच सालगडी आणि बटईदार एकाच बांधावर राबत असले तरी कायद्याच्या दृष्टीने वेगळे ठरतात.

परिणाम

जमीन कुळाकडे जाईल, या भीतीने मालक लेखी करार टाळतात आणि एक-दोन वर्षांनी बटईदार बदलतात. प्रत्यक्ष दावे होवोत वा न होवोत, भीती मात्र टिकून आहे. पुढच्या पाडव्याला हीच जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नसलेला बटईदार बांधबंदिस्ती किंवा शेणखतावर खर्च करीत नाही. विरळ वस्तीच्या गावांत नवा बटईदारही सहज मिळत नाही. मग शेत पडीक राहते.

मालकाशिवाय अन्य व्यक्ती जमीन कसत असल्यास तलाठ्याने नमुना १४ भरून तहसीलदाराकडे पाठवावा, अशी तरतूद आहे. तोंडी बटईत ही नोंद सहसा होत नाही आणि सात-बारा उताऱ्यावर मालकाचेच नाव राहते. पीककर्ज व दुष्काळी अनुदान याच उताऱ्याच्या आधारे मिळत असल्याने पेरणीचा निम्मा खर्च सोसूनही बटईदार त्यांपासून वंचित राहतो. पीकविम्यासाठीही त्याच्याकडे नोंदणीकृत भाडेकरार लागतो.

मालकी अबाधित ठेवून भाडेपट्ट्याला मान्यता देणारा आदर्श कायदा नीती आयोगाच्या टी. हक समितीने २०१६मध्ये सुचविला. जमीन हा राज्यांचा विषय असल्याने तो स्वीकारणे राज्यांवर अवलंबून आहे.