संस्थेचे हित आणि राखणदाराचे हित

‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती ऐकताना आपण हसतो, आणि त्या हसण्यात थोडी क्षमाही असते. राखणदाराने ओंजळभर पाणी प्याले म्हणून तळे काही आटत नाही, असा आपला हिशेब. परंतु श्रोतेहो, उन्हाळ्यात कोणाच्या शेताला पाणी सोडायचे हे त्याच राखणदाराने ठरवायचे असेल आणि त्यांतले एक शेत त्याचे स्वतःचे असेल, तर? एक थेंबही न चोरता तो सारे तळे आपल्या बांधाकडे वळवू शकेल. तेही रीतसर ठराव करून आणि त्यावर सह्या घेऊन. आज आम्हांला बोलायचे आहे ते चोरीविषयी नव्हे, या दुसऱ्या गोष्टीविषयी.

कायद्याची माणसे हिला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. शाळा, वाचनालय, दवाखाना, देवस्थान, कामगार संघटना अशा नफ्यासाठी नसलेल्या संस्थेत निर्णय ज्याच्या हाती आहे, त्याचे त्याच निर्णयात स्वतःचे, घरच्यांचे किंवा दुसऱ्या एखाद्या संस्थेचे हित गुंतलेले असणे, एवढाच तो अर्थ. येथपर्यंत कोणी लबाडी केलेली नसते. माणूस चोख असू शकतो. परंतु तो उभा आहे ती जागाच अशी असते की दोन्ही बाजूंनी ओढ बसते. आपण मात्र माणसाचा स्वभाव तपासत बसतो आणि जागा तपासायची विसरतो.

दुकानात तोटा आला की मालक ओरडतो. सार्वजनिक संस्थेला असा मालक नसतो. देणगीदार पावती घेऊन घरी जातो. ज्याच्यासाठी संस्था काढली तो विद्यार्थी किंवा रुग्ण उपकाराच्या ओझ्याखाली असतो. तो तोंड उघडत नाही. म्हणून संस्थेचे नुकसान होते तेव्हा आवाज होत नाही.

आम्हां कामगारांना हा धडा जॉबरने शिकवला. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार भरती करण्याचे काम जॉबरकडे असे. तो गिरणीसाठी माणूस निवडी आणि त्याच माणसाकडून आपली दस्तुरी घेई; पुष्कळदा तो कामगारांना व्याजाने पैसेही देई. मग मागावर कोणाला उभे करायचे, हात ज्याचा चांगला त्याला, की ज्याच्याकडे आपले पैसे अडकले आहेत त्याला? 1929 साली नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात जॉबरच्या हातून नोकरभरतीचा अधिकार काढून घ्यावा, अशी शिफारस केली. जॉबर सद्गुणी नेमावेत, असा तोडगा कमिशनने काढला नाही. रोग माणसात नसून जागेत आहे, हे त्यांनी ओळखले.

हेच तत्त्व त्याहून दोनशे वर्षे आधी इंग्लंडात एका न्यायाधीशाने सांगून ठेवले होते. लंडनजवळच्या रॉमफर्ड येथील बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान मुलाच्या नावे विश्वस्ताकडे होता. मुदत संपत आली, तेव्हा जमीनमालकाने मुलासाठी पट्टा वाढवून देण्यास साफ नकार दिला. मग विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे घेतला. वरवर पाहता यात मुलाचे काय गेले? त्याला तर पट्टा मिळणारच नव्हता. तरीही 1726 साली लॉर्ड चॅन्सेलर किंग यांनी पट्टा आणि त्यातून झालेला नफा मुलाचाच, असा निर्णय दिला. विश्वस्ताने कपट केले असे त्यांनी म्हटले नाही. परंतु अशी वाट मोकळी ठेवली तर पुढे कोणता विश्वस्त मुलासाठी मनापासून खटपट करील, ही त्यांची चिंता होती. विश्वस्ताने मालकाला किती कळकळीने विनवले, हे कोण मोजणार? मोजता येत नाही, म्हणून ती वाटच बंद.

आपल्याकडे 1882 च्या न्यास कायद्यात हीच बंधने आहेत. विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःचा नफा काढू नये, विकण्यासाठी सोपवलेली मालमत्ता स्वतःच विकत घेऊ नये, न्यासाचा पैसा सहविश्वस्ताला कर्जाऊ देऊ नये. हा कायदा खाजगी न्यासांचा. सार्वजनिक संस्थांसाठी 1950 चा कायदा आहे. तो पूर्वी मुंबईच्या नावाने होता, आता महाराष्ट्राच्या नावाने आहे. त्याप्रमाणे संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची, तिची अदलाबदल करायची किंवा ती बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन 10 वर्षांहून अधिक, आणि इतर जमीन वा इमारत 3 वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देण्यासही ती लागते. 1961 च्या आयकर कायद्याने तर हितसंबंधी माणसांची यादीच केली: संस्थापक, मोठे देणगीदार, विश्वस्त, यांचे नातेवाईक, आणि यांचा मोठा वाटा असलेल्या पेढ्या. अशांना पुरेशा तारणावाचून कर्ज, पुरेशा भाड्यावाचून जागा, किंवा वाजवीपेक्षा जास्त पगार दिला, तर तेथे करसवलतीला बाध आणला. आपल्या गावच्या संस्था डोळ्यांसमोर आणा, आणि ही यादी कोणत्या अनुभवातून झाली असेल ते सांगावे लागणार नाही.

परंतु कायद्याची नजर जमीनजुमल्यावर आणि मोठ्या रकमांवर. वह्या कोठून घ्यायच्या, छपराची दुरुस्ती कोणाला द्यायची, शिपाई कोणाचा भाचा ठेवायचा, येथे धर्मादाय आयुक्त येत नाहीत. येथे आपणच जागे राहायचे. आणि आपण किती सहज डुलकी घेतो, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने सभासदांच्या मुलांना जूनमध्ये वह्या द्यायचे ठरवले. खरेदीचे काम आमच्याकडे आले. आमच्या मेव्हण्याचे वह्या-पुस्तकांचे दुकान होते. त्याने भाव कमी लावला, उधारीही दिली. आम्ही मनात म्हटले, संघटनेचे चार पैसे वाचवले. यात एक पैसाही आमच्या खिशात आला नाही, आणि त्याचा आम्हांला अभिमानही होता. दुसऱ्या वर्षी त्याच दुकानातून वह्या आल्या. तिसऱ्या वर्षी कागद असा पातळ निघाला की एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूला उमटे. आम्हांला ते कळले दिवाळीच्या सुमारास, एका सभासदाच्या घरी चहाला गेलो असता, पोराच्या हातात वही पाहून. पॅकिंग खात्यात काम करणारी त्याची आई संघटनेच्या सभेत कोणालाही न भिणारी. आम्ही विचारले, ‘बाई, जूनमध्येच का नाही सांगितलंत?’ ती म्हणाली, ‘भाऊ, दुकान तुमच्या मेव्हण्याचं. तुम्हांला कसं सांगायचं?’

त्या दिवशी आम्हांला उमगले. आमचा हिशेब चोख होता. परंतु आमच्या नात्याने सभासदांची तोंडे बंद केली होती. पैशाची तूट पुढच्या वर्षी भरून निघते. एकदा गप्प बसायला शिकलेला सभासद बोलता व्हायला फार दिवस लागतात. पुढच्या सभेत आम्ही ही गोष्ट स्वतः उभे राहून सांगितली आणि खरेदीचे काम सोडले. मेव्हणा पुष्कळ दिवस बोलत नव्हता. तेही सोसले.

मग हा संघर्ष ओळखावा कसा? आमच्या अनुभवाने तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला: या ठरावाने संस्थेच्या खिशातून एक रुपया जास्त गेला, तर तो ठरवणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी किंवा कोणाच्या दुसऱ्या संस्थेत पोहोचतो का? दुसरा: काम वाईट झाले तर तक्रार करायला कोणाला संकोच वाटेल का? तिसरा: हे नाते भरसभेत मोठ्याने सांगावे लागले, तर आपली जीभ अडखळेल का? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर थांबावे. पैसा नसला तरी हा संघर्ष असतो, हेही ध्यानात ठेवावे. एकच गृहस्थ दोन शिक्षणसंस्थांच्या मंडळांवर असले आणि दोन्हींना एकच भूखंड हवा असला, तर त्यांना दमडी न मिळताही ते दोन डगरींवर उभे असतात. आमच्या क्षेत्रात राजकारणाचा मोह आहे. म्हणूनच 1926 च्या कामगार संघटनांच्या कायद्याने राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवायला लावले, आणि त्यात वर्गणी देण्याची सक्ती सभासदावर करू दिली नाही.

कोणी म्हणेल, लहान गावात सगळे एकमेकांचे सोयरे. असे सोवळे पाळले तर संस्थेत माणूस उरणार नाही. खरे आहे. म्हणून नाते असणे हा गुन्हा मानू नये. ते लपवणे हा मानावा. ज्याचे हित गुंतले आहे त्याने ते चर्चेआधी सांगावे, त्या विषयापुरते सभेबाहेर जावे, इतरांनी निदान तीन ठिकाणचे लेखी दर मागवून निर्णय घ्यावा, आणि हे सारे इतिवृत्तात लिहावे. बाहेर जाणे महत्त्वाचे आहे. अध्यक्ष समोर बसलेले असताना त्यांच्या जावयाचे दरपत्रक नाकारणारी माणसे आम्ही फार थोडी पाहिली.

उरलेले काम तुमचे आहे. वार्षिक सभेची सूचना आली की आपण ती बाजूला ठेवतो, आणि गेलोच तर हिशेब वाचून होईपर्यंत थांबत नाही. यंदा थांबा. आपल्या वाचनालयाच्या, शाळेच्या, देवस्थानच्या सभेत उभे राहून एवढेच विचारा की हे काम दिले त्या माणसाचे आणि मंडळाचे काही नाते आहे काय, आणि दर किती ठिकाणी विचारले. हा प्रश्न कोणाचा अपमान नाही. तो विचारला गेल्यावर प्रामाणिक कार्यकर्त्याची मान खाली जात नाही, ती मोकळी होते. आम्हांला तो प्रश्न पहिल्याच वर्षी कोणी विचारला असता, तर त्या पोराला पातळ कागदावर लिहावे लागले नसते.