एका पतंगाची ओळख

गेल्या श्रावणात वसतिगृहाच्या फाटकावरची मधुमालती फुलांनी लगडून गेली होती. एके दिवशी तिन्हीसांजेला त्या वेलीपाशी एक पाखरू घिरट्या घालताना दिसले. ते फुलावर बसत नव्हते. हवेत जागच्या जागी तरंगत एकेका फुलात सुतासारखी बारीक सोंड घालीत होते. मी त्याला पक्षीच समजलो आणि तसे चारचौघांत सांगूनही टाकले. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात पुस्तक उघडले तेव्हा कळले की तो पतंग होता. जाड अंगाचा, निमुळत्या पंखांचा, इंग्रजीत ज्यांना हॉकमॉथ म्हणतात त्या कुळातला. झालेली फजिती गिळून मी फूटपट्टी घेतली आणि मधुमालतीच्या फुलाची नळी मोजली. तीन इंचांना थोडी कमी भरली. तिच्या तळाचा मकरंद प्यायचा तर सोंडही तशीच लांब हवी!

"कला शाखेच्या विद्यार्थ्याला किड्यांचे काय पडले आहे?" असे आमच्या एका मित्राने विचारले. पण अशाच मोजमापातून एका पतंगाची कथा घडली आहे आणि ती आपल्या इतिहासाच्या वर्गातही शोभावी अशी आहे.

१८६२ च्या जानेवारीत जेम्स बेटमन या ऑर्किडप्रेमी गृहस्थाने चार्ल्स डार्विनकडे मादागास्कर बेटावरच्या एका ऑर्किडची फुले पाठविली. फूल मेणासारखे पांढरे, चांदणीच्या आकाराचे, आणि त्याच्या मागे चाबकासारखी लोंबणारी हिरवी मधुनलिका. ही नळी साडेअकरा इंच लांब निघाली आणि मकरंद होता तो फक्त तळाच्या दीड इंचात. इतक्या खोल विहिरीतून पाणी काढणार कोण? डार्विनने एक दशांश इंच जाडीची कांडी नळीच्या तोंडातून आत दाबली व बाहेर ओढली, तेव्हा परागांचे पुंजके कांडीला चिकटून आले. म्हणजे पाहुण्याने सोंड अगदी मुळापर्यंत खुपसली तरच फुलाचे काम होते. आखूड नळीच्या फुलातला मकरंद पतंग दुरूनच पिऊन जाईल आणि पराग जागेवरच राहतील. म्हणून लांब नळीची फुले टिकली. उलट, आखूड सोंडेचा पतंग उपाशी राहील. म्हणून सोंडही लांबत गेली. त्याच वर्षीच्या आपल्या ग्रंथात डार्विनने लिहिले की, दहा-अकरा इंच पोहोचेल अशा सोंडेचे पतंग मादागास्करमध्ये असलेच पाहिजेत. काही कीटकशास्त्रज्ञांनी या म्हणण्याची चक्क थट्टा केली.

१८६७ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस त्याच्या मदतीला आला. ब्रिटिश म्युझियममध्ये आफ्रिकेतला एक हॉकमॉथ होता. त्याला १८५६ मध्येच 'मॉर्गनाय' हे नाव मिळालेले होते. वॉलेसने त्याची सोंड मोजली, ती साडेसात इंच भरली. मग आणखी तीन-चार इंच अशक्य का मानावेत? गणिताने आधी जागा सांगून १८४६ साली नेपच्यून सापडला. तितक्याच विश्वासाने हा पतंग शोधावा, असे त्याने लिहिले.

पतंग मिळाला. १९०३ साली वॉल्टर रॉथशिल्ड आणि कार्ल जॉर्डन यांनी हॉकमॉथ कुळावरील आपल्या मोठ्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि नाव दिले 'प्रेडिक्टा', म्हणजे आधीच सांगितलेला. डार्विनला जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. वॉलेस मात्र हयात होता.

बहुतेक लेखक येथेच गोष्ट संपवितात. मला ते पटत नाही, कारण पतंग सापडला तरी तो कोण हे ठरायचे राहिलेच होते. रॉथशिल्ड व जॉर्डन यांनी त्याला वेगळी जाती मानले नाही. आफ्रिकेतल्या मॉर्गनाय पतंगाची उपजाती म्हणून त्याची नोंद केली. मादागास्करच्या पतंगाची खालची बाजू गुलाबीसर, तर आफ्रिकेतल्याची पिवळसर, असे भेद त्यांनीच टिपले होते. पण एवढे भेद त्यांना जातीसाठी पुरेसे वाटले नाहीत. हा पतंग त्या ऑर्किडवर येऊन परागण करतो याचा पुरावाही १९९० च्या दशकात मिळाला.

पुढे २०२१ साली संशोधकांनी दोन्हीकडचे नमुने शेजारी ठेवले. रंग, पंख आणि सोंडा पुन्हा तपासल्या. शिवाय या वेळी जनुकांचीही तुलना केली. ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाच्या तुकड्यात सुमारे ७.८ टक्के फरक आढळला. एकाच जातीत इतका फरक सहसा नसतो. मादागास्करच्या पतंगांची सोंड सरासरीने बरीच लांब होती आणि एकाची तर ताणल्यावर २८.५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाअकरा इंच भरली. डार्विनच्या नळीपेक्षा जेमतेम पाव इंच कमी! तेव्हा कुठे 'झँथोपॅन प्रेडिक्टा' ही स्वतंत्र जाती ठरली. भाकितापासून मोजले तर एकशे एकोणसाठ वर्षे.

आमच्या फाटकावरचा पतंग त्यानंतर दोनदा आला. मी वहीत तारीख, वेळ, पोटावरचे पट्टे आणि फुलाच्या नळीचे माप लिहिले आहे. कुळाच्या रकान्यात हॉकमॉथ असे घातले आहे. जातीचा रकाना तूर्त कोरा ठेवला आहे.