शिडांच्या संगतीत : लेखांक ७
शेवटचे शंभर फूट

मागच्या आठवड्यात शिडे उतरवून नौका बंदराच्या तोंडाशी आणली होती. आता तिला धक्क्याला लावायचे आहे.

भारतीय नौदलाची ५६ फुटी ‘तारिणी’ गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. वजन सुमारे २३ टन. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउनला थांबल्या. अशा मोहिमेतल्या वादळांविषयी सगळेच विचारतात, धक्क्याविषयी कोणी विचारत नाही. एक जण सुकाणूवर उभी राहिली की दोर सांभाळायला उरते एकटी दुसरी!

वीस फुटी होडी पाय लावून थोपवता येते. इथे तसा प्रयत्न केला तर हाड मोडेल. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, म्हणून धक्क्याकडे जाताना चाल अगदी मंद हवी. पण फार मंद झाली तर सुकाणूवरून पाणी वाहत नाही आणि ते ऐकेनासे होते. नवख्याचा धीर सुटतो तो नेमका इथे.

त्यात वळण्याची तऱ्हा निराळी. मोटार पुढच्या चाकांमागे जाते. नौका मात्र मधल्या भागाभोवती फिरते आणि तिची पिछाडी बाहेर फेकली जाते. चाल कमी होताच वारा नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, ढकलू लागतो. म्हणून शक्यतो वारा किंवा प्रवाह, जो जोरदार असेल तो, समोरून घ्यायचा. मांडवीसारख्या नदीत ओहोटीचा ओढा वाऱ्याला सहज मागे टाकतो, तेव्हा आधी बांधलेल्या बोटी आणि बोये कुठे तोंड करून आहेत ते पाहावे.

इंजिनाचा पंखाही नौकेला बाजूला ओढतो. पुढे जाताना उजवीकडे फिरणारा पंखा उलटा फिरवला की पिछाडी सहसा डावीकडे सरकते. हे ओळखणारा डावी बाजू धक्क्याकडे ठेवतो, तिरकस कोनात येतो आणि शेवटी मागचा गिअर टाकतो. नौका थांबते आणि पिछाडीही आपोआप आत येते. हे पहिल्यांदा साधते तेव्हाचा आनंद खरोखर मोठा असतो.

पहिला दोर मात्र नाळेवरून देऊ नये, कारण तो ताणला की पिछाडी बाहेर जाते. नौकेच्या मध्यावरचा दोर धक्क्यावरच्या मागच्या खुंटाला घालावा, सुकाणू असे वळवावे की नौका धक्क्यापासून दूर वळू पाहील, आणि इंजिन मंदगतीने पुढे चालवावे. दोर तिला पुढे जाऊ देत नाही, सुकाणूवरचे पाणी पिछाडी आत दाबते आणि नौका धक्क्याला चिकटून राहते. मग उरलेले दोर एकटीनेही सावकाश बांधता येतात.

सराव उघड्या पाण्यात, एखाद्या बोयाजवळ करावा. इंजिन न्यूट्रलला टाकून नौका किती अंतर घसरते आणि वाऱ्यात कुठल्या बाजूला आडवी होते, हे तिथे निर्धास्तपणे पाहता येते.

पुढच्या आठवड्यात : वारा धक्क्याकडे दाबत असताना नौका बाहेर कशी काढायची?