सुएझमध्ये अडकलेलं जहाज सुटतं कसं?

हळर्णची शापोरा नदी कुठे अन् सुएझ कालवा कुठे! पण आपल्या गोव्यात गावोगाव तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे खलाशी, आहेत, म्हणून लिहितोय.

मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' हे मालवाहू जहाज सुएझमध्ये आडवं रुतलं. सहा दिवसांत मोकळं झालं, तरी कालवा प्राधिकरणाने ते जाऊ दिलं नाही. आधी 91.6 कोटी डॉलर भरपाई मागितली, कोर्टातून जहाज जप्त करवलं. जपानी मालक आणि विमा क्लब (जहाजमालकांची परस्पर विमा संस्था) वाटाघाटीला बसले, मागणी 55 कोटींवर आली. तडजोड झाल्यावर, 7 जुलैला नांगर उचलला. तोवर भारतीय खलाशी बोटीवरच! हे मला सर्वांत जास्त खुपतं.

असं अडकणं कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं. म्हणून घरातलं कोणी बोटीवर चढणार असेल, तर तिथे लावलेलं, मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडल्यास पगार आणि घरी परतण्याचा खर्च कोण देईल हे सांगणारं आर्थिक हमीचं प्रमाणपत्र जरूर वाचायला सांगा.