केसपेपरवरचा एक रकाना

भोर-वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना नाव, वय झालं की विचारतात – स्त्री की पुरुष? हे कशाला बरं?

समजा, १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम भरलं. मोठ्या बाईला ते ठीक, पण पुरुषाला कमी! जागतिक आरोग्य संघटनेनुसार गरोदर नसलेल्या बाईला किमान १२ हवं, पुरुषाला १३. म्हणजे शरीर कसं आहे, हे डॉक्टरांना कळायलाच हवं.

पण माणूस मनातून स्वतःला कोण मानतो, ही गोष्ट निराळी. तिला ‘लिंगभाव’ म्हणतात. बहुतेकांचं शरीर आणि लिंगभाव जुळतात, काहींचे जुळत नाहीत. अशा तृतीयपंथी व्यक्तींची ओळख सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केली. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती.

आता विचार करा. स्वतःला बाई मानणाऱ्या कुणाला भर रांगेत पुरुषाच्या नावाने हाक मारली नि लोक फिदीफिदी हसले, तर ती पुन्हा येईल? दुखणं अंगावरच काढेल ना! म्हणून रकाने दोन हवेत : एक शरीराचा, डॉक्टरांपुरता, दुसरा ओळखीचा, हाक मारण्यासाठी.

आणि रांगेत तुम्ही असलात, तर हसू नका. तेवढं तर आपल्या हातात आहे!