लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम

मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, सोलापूर जिल्ह्यात कुठेही जा, शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरजवळ एक छोटी पेटी दिसते. तिला सगळे ‘ऑटो’ म्हणतात. शेतीच्या फीडरला तीन फेज वीज ठरावीक तासच मिळते, त्यातही पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. लाइट आली की ऑटो स्टार्टरच्या हिरव्या बटणाचे काम स्वतःच करतो आणि मालक घरी झोपलेला असला तरी पाणी चालू होते. हौशी इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे पुस्तकात बघून एलईडी लुकलुकवणे, असे ज्यांना वाटते त्यांनी आधी ही पेटी उघडून समजून घ्यावी, कारण ती गरजेतून आलेली आहे. तरीही महावितरण शेतकऱ्यांना पुन्हापुन्हा सांगते की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ऑटो बनवताना एक प्रश्न विचारायचा राहून गेला: याच तारेवर आणखी कोण आहे? माझ्या मते हौशी माणसाने सोल्डरिंगच्याही आधी शिकायची गोष्ट ही आहे.

हिशेब सोपा आहे. पाच एचपीची मोटार चालताना साधारण सात अँपिअर घेते, पण थेट सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे चाळीसच्या आसपास. १०० केव्हीएची डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, दर फेजला सुमारे १४० अँपिअर देऊ शकते. अशा वीस मोटारी एकामागून एक सुरू झाल्या तर डीपी काठोकाठ भरते, पण तग धरते. वीसही ऑटो एकाच क्षणी लागले तर मागणी ८०० वर जाते. व्होल्टेज कोसळते, मोटारींना वेग घेता येत नाही, त्यामुळे त्या जास्त वेळ जास्त करंट ओढत राहतात, आणि फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. मग दुसरी डीपी बसेपर्यंत डाळिंबाची बाग कोरडी. स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते ती वीज परतल्यावर मोटार आपोआप सुरू होऊ नये म्हणूनच. शिवाय वीस माणसे शेतावर पोचायला वेगवेगळा वेळ घेत. त्या उशिराने डीपी सांभाळली जात होती, हे ऑटो आल्यावर कळले.

म्हणून ऑटो काढून टाका असे म्हणणे मात्र सोपे नाही. रात्री दोन वाजता विंचू-सापांच्या वाटेने शेतकऱ्याने बटण दाबायला जावे, हे कुठल्या तोंडाने सांगायचे? पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’मधून मोबाइलवरून मोटार चालू-बंद करायची सोय दिली, तीही याच पायपिटीवरचे उत्तर आहे. तेव्हा ऑटो राहू द्यावा आणि हरवलेला उशीर त्यात परत घालावा. यासाठी ५५५ नावाची टायमर आयसी पुरते. हान्स कामेन्झिंड यांनी ती १९७१ मध्ये रचली आणि आजही ती काही रुपयांत मिळते. एक मेगाओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर गणिताने साडेआठ मिनिटांचा उशीर मिळतो. असे मोठे कपॅसिटर थोडे गळतात, म्हणून प्रत्येक पेटीची वेळ पुढेमागे होते. एरवी हा दोष, इथे तो उपयोगी पडतो. उलट अर्डुइनो हा प्रोग्रॅम भरायचा बोर्ड वापरणाऱ्याने सावध राहावे. त्याची ‘रँडम’ संख्या खरी रँडम नसते. बोर्ड सुरू झाला की तोच क्रम पहिल्यापासून येतो. एकच प्रोग्रॅम वीस पेट्यांत भरला तर वीसही मोटारी शिस्तीत एकाच वेळी लागतील. मोकळ्या सोडलेल्या पिनवरचा गोंगाट वाचून सुरुवात ठरवावी, किंवा सरळ प्रत्येक पेटीला वेगळा आकडा द्यावा.

शेजारी आधी पाणी घेत असताना मी का थांबू, असे कोणी विचारेल. आठ तासांच्या पाळीत पंधरा मिनिटे म्हणजे जेमतेम तीन टक्के, आणि पडलेल्या व्होल्टेजवर सुरू झालेल्या मोटारीचे वाइंडिंग जळते ते आपलेच. बाजारात उशिराची सोय असलेले ऑटो मिळतात हेही खरे, पण सगळ्यांनी तीच वेळ ठेवली तर ती सोय असून नसल्यासारखी. ते जुळवायला एका डीपीवरच्या लोकांनी एकत्र बसावे लागते. वीज कंपनीने पुरेशा डीपी द्याव्यात, हा आग्रह योग्यच आहे आणि तो सोडू नये. पण यंदाचा बहर त्यासाठी थांबणार नाही.

धोक्याचा आक्षेप सगळ्यांत वजनदार. ४१५ व्होल्ट हा हौसेचा प्रांत नव्हे. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने करत शिकण्याची जी पद्धत रुजवली, ती इथे लागू पडते, मात्र हात बारा व्होल्टच्या बाजूलाच राहावा. टायमर, रिले आणि मोटारीच्या जागी एक छोटा दिवा, एवढे टेबलावर महिनाभर चालवावे. रिलेचे टोक स्टार्टरला जोडण्याचे काम परवानाधारक वायरमनचे. त्याआधी आठवडाभर लाइट येताना डीपीवरचे व्होल्टेज किती खाली जाते, हे त्याच्याकडूनच मोजून वहीत टिपून ठेवावे. पेट्या बसल्यावर त्याच आकड्यांशी ताडून बघता येईल.